एस्नार्टचा होकार

४ मार्च २०२५

नाही, थांब, आधी माझं ऐक! खोटं कुठे लिहिलंय मी? एक वाक्य दाखव. असं कोरं तोंड करून बघू नकोस माझ्याकडे, वहीबाई.

गप्प राहणंही बोलणंच असतं — मान्य नाही तुला? नसू दे! मला आहे. एस्नार्ट नावाची बाई आहे, मलावीत, तळ्याकाठी सुकी मासळी विकते. तिचा लांबलचक इंटरव्ह्यू माझ्याकडे आला. बोलता बोलता ती जिथे थांबली तिथे टाइप करणाऱ्याने कंसात लिहिलंय — ‘थांबते’. मी काय केलं, तिचं सगळं बोलणं उडवून टाकलं. फक्त थांबे ठेवले. आणि एकेका थांब्याच्या आत शिरले. भूक. सोडून गेलेला नवरा. तळं आटलं ते वर्ष. नाव नाही, गाव नाही. एका बाईच्या गप्प राहण्यातून अख्खी गोष्ट!

असं कुणी केलंय का आधी? नाही ना? मग गप.

६ मार्च

आज सोमवारची मीटिंग गुरुवारी झाली, कारण तिकडे वीज नव्हती. लंडन, मलावीतलं झोंबा, घानातलं आक्रा — तीन युनिव्हर्सिट्या, एक स्क्रीन. विषय गरिबी आणि विषमता. पैसे इकडचे. पण प्रश्न तिकडून येतात! मला हे अजून खरं वाटत नाही. आज झोंबाच्या प्रोफेसर बाईंनी आमच्या इथल्या मोठ्या प्रोफेसरला शांतपणे सांगितलं, ‘हा प्रश्न तुम्हाला पडलाय. आमच्याकडे कुणालाच पडलेला नाही.’ आणि तो माणूस ‘ओके’ म्हणाला आणि त्याने तो खोडला! मी कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले. जालन्यात आमच्या वस्तीत सर्व्हे करायला यायचे ते आठवले. त्यांनी कधी काही खोडलं नाही.

माझं काम — या सगळ्या आकड्यांना माणसाची गोष्ट द्यायची. एका वर्षाची नोकरी. पदाचं नाव ‘रायटर’. हे मी आईला तीनदा ऐकवलंय.

११ मार्च

नीनाला आवडली! नीना म्हणजे माझी बॉस, डॉक्टर नीना. जन्म इथल्याच रीडिंग गावचा, आईवडील पुण्याचे. माझ्याशी हट्टाने मराठीत बोलते. ‘शीला, तुझा गोष्ट वाचून मला रडू आला. सीरियसली.’ जूनमध्ये युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे, पैसे देणारे फंडर येणार, पुस्तिका निघणार. बाकी सगळे नकाशे आणि आलेख. गोष्ट एकच — एस्नार्टची. खाली माझं नाव. धम्मशीला. इंग्लंडमध्ये छापलेलं माझं पहिलं काही!

मग ताकोंद्वा म्हणाली, ‘एस्नार्टने ऐकली का?’

ताकोंद्वा झोंबाची. तिथे पीएचडी करतेय, या टर्मपुरती इथे आहे, माझ्या शेजारच्या डेस्कवर. मी म्हटलं, ऐकेल की, छापून झाल्यावर पाठवू.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे आधी परत नेऊन वाचतात. तिच्या भाषेत. सगळ्यांसमोर. ती हो म्हणाली तर छापायची.’

‘आणि नाही म्हणाली तर?’

‘तर नाही.’ असं म्हणाली की जणू मी ‘पाऊस आला तर भिजतं का’ विचारलंय.

मी याला परत-वाचन म्हणते. ‘गोष्ट नेलीस ना, मग वापरायच्या आधी परत दाखव,’ ताकोंद्वा म्हणते. हा नियम त्यांचा. भागीदारीत यायच्या आधीच त्यांनी तो टेबलावर ठेवला होता म्हणे. आणि आपण तो मान्य केलाय. सहीनिशी. कुणी मला सांगितलं नव्हतं, एवढंच!

१२ मार्च

जगात एवढं सोपं, एवढं भयंकर उत्तर असू शकतं? तर नाही.

२ एप्रिल

ताकोंद्वा गेली. मी राहते तिथल्या ईस्ट क्रॉयडन स्टेशनवर तिची बॅग विमानतळाच्या ट्रेनमध्ये चढवून दिली. गोष्टीचं त्यांच्या चिचेवा भाषेतलं भाषांतर तिनेच केलंय. ‘कशी वाटली तुला?’ मी शेवटी विचारलंच. ‘इंग्रजीत फार सुंदर आहे,’ ती म्हणाली, आणि दारं बंद झाली. इंग्रजीत?

१६ एप्रिल

सगळं नीट लिहायला हवं.

दुपारी व्हिडिओ कॉल लागला. पत्र्याची शेड, खाली चटया, चटयांवर बायका, कडेला शेळ्या. एवढ्या बायका! माझी वाक्यं ऐकायला! ताकोंद्वा उभी राहून वाचत होती. भाषा कळत नव्हती, पण ताल माझा होता. मी तो ओळखला. पाच हजार मैलांवर माझा ताल एका शेडमध्ये चालत होता.

मग कुणीतरी हसलं.

मग शेजारची हसली. मग सगळी शेड. एक म्हातारी तर चटईवर आडवी झाली. आणि मधोमध एक धिप्पाड बाई, डोक्याला पिवळं फडकं बांधलेली, ती उठून हातवारे करायला लागली. ती एस्नार्ट! मी तिला बारीक, वाकलेली लिहिलंय. ही चर्चमधल्या गायकांच्या पुढे उभी राहते आणि आवाज असा की फोनचा स्पीकर फाटला.

ताकोंद्वा डोळे पुसत मला सांगायला लागली. इंटरव्ह्यू बाजारात झाला होता. दुकान चालू ठेवून! जिथे जिथे ‘थांबते’ लिहिलंय तिथे गिऱ्हाईक आलं होतं. एस्नार्ट मासळी मोजून देत होती.

माझी भूक, माझा नवरा, माझं आटलेलं तळं — सगळं मासळीच्या गिऱ्हाइकांच्या जागी लिहिलंय मी!

‘ती विचारतेय,’ ताकोंद्वा म्हणाली, ‘माझी नणंद कुठाय? अर्धा वेळ मी नणंदेच्या भांडणाचं सांगितलं. ते कुठे गेलं? माझं नाव कुठे गेलं? पहिल्यापासून शेवटपर्यंत मला उपाशी ठेवलंस, मी काय केलं होतं तुझं?’

‘म्हणजे नाही?’ मी विचारलं.

‘ही गोष्ट नाही. पण ती म्हणतेय, दुसरी लिहिलीस तर ऐकेन.’

मी खूप वेळ खिडकीत बसले. खाली ट्राम येत-जात होती. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगू? इतकं खरं हसू मी कधी कमावलं नव्हतं.

१७ एप्रिल

सुप्रभाताईंना सांगितलं. माझ्या घरमालकीण, नर्स आहेत, नागपूरच्या. भाजी चिरता चिरता थांबल्या. मग म्हणाल्या, ‘आता मी थांबले ना, याच्यावर नको लिहू काही. मिरची डोळ्यात गेलीय.’

२५ एप्रिल

बायकांनी उलटा डाव टाकला!

एस्नार्टचं म्हणणं — ही मुलगी आमच्याबद्दल लिहिते, तर ही आहे कोण? आधी आम्ही तिला विचारणार, आम्ही तिची गोष्ट करणार, तिला वाचून दाखवणार. बघू कसं वाटतं. नीनाला सांगितलं तर ती उडाली. ‘ओ माय गॉड, हे तर ब्रिलियंट मेथड आहे!’ मेथड! अगं, ते माझ्यावर होणारे.

तर आज मी या बाजूला बसले. लॅपटॉपसमोर, माझ्या खोलीत. आणि पलीकडे शेड.

लग्न झालंय? नाही. बरं केलंस, एस्नार्टने दोनदा केलं. (हशा.)

जेवायला काय? बटाटे, म्हटलं. उकडून. कुणाबरोबर? एकटी.

मग त्या आडव्या झालेल्या म्हातारीने विचारलं, ‘तुझ्या मागे कुणीच ओरडत का नाहीये?’

मी मागे वळून पाहिलं. खरंच! पांढरी भिंत. ‘इथे असंच असतं,’ मी म्हटलं. तिकडे सगळ्या ‘च् च्’ करायला लागल्या. कीव केली त्यांनी माझी! मलावीतल्या बायकांनी, क्रॉयडनमधल्या मला!

भांडतेस कुणाशी? — मी म्हटलं, वहीशी. कुणी हसलं नाही.

मग एस्नार्ट. ‘तू गरीब होतीस का?’

हो.

‘तुला कुणी सांगितलं?’

आणि मी ते सांगितलं जे कॉलेजात नाही, पुण्यात नाही, इथे विहारातल्या मंडळींनाही कधी सांगितलं नाही. बाबा, कडूबा, गवंड्याच्या हाताखाली होते. आम्हाला तसं काही कमी वाटायचं नाही. पाचवीत एकदा गुरुजी वर्गात आले आणि म्हणाले, स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा. आणि एकेक नाव जातीसकट वाचलं. तेव्हा कळलं.

ताकोंद्वाने भाषांतर केलं. एस्नार्टने एकच विचारलं.

‘वाचायच्या आधी तुला विचारलं होतं?’

मी थांबले. कुठलंही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

९ मे

आज त्यांनी परत वाचलं. सेमिनार रूममध्ये, मोठ्या स्क्रीनवर, नीना आणि इतर सगळे कॉफीचे कप घेऊन बसलेले. ताकोंद्वाने आधी चिचेवात, मग इंग्रजीत वाचलं. आठवेल तसं उतरवते —

एक मुलगी आहे. तिच्या मागे पांढरी भिंत आहे. भिंतीपलीकडे माणसं असतील, पण ती ओरडत नाहीत. मुलगी एकटीपुरते बटाटे उकडते. तिच्या आईने तिला लांब पाठवलं, आणि लांब जाऊन ती दुसऱ्यांच्या आया बघते. ती लहान असताना गुरुजींनी गरीब मुलांना उभं केलं. ती उभी राहिली. नंतर ‘बसा’ म्हणायला ते विसरले. म्हणून ती चालायला लागली. विमानापर्यंत चालली. आता ती आम्हाला उभं करते. पण ती वाईट नाही. तिला कुणीतरी ‘बस’ म्हणायला पाहिजे.

खोलीत कुणी कप खाली ठेवला नाही, वर उचलला नाही.

माझ्या मनात पहिलं काय आलं माहितेय? — मी गरीब नाहीये! एमए आहे! पगार आहे! मग दुसरं — हे मी का नाही लिहू शकले? ‘बसा म्हणायला विसरले.’ वर्षानुवर्षं तो प्रसंग मी उलटा-सुलटा लिहून पाहिलाय. तुकडे करून, विरामचिन्हं काढून. आणि त्यांनी चटईवर बसून एका वाक्यात!

‘आता तू सांग,’ ताकोंद्वा म्हणाली. ‘हो, की नाही? हो म्हणालीस तर ही पण लागणार भिंतीवर.’

मला वेळ हवाय, म्हटलं.

पलीकडून एस्नार्ट काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. ‘ती म्हणतेय, घे. आम्हालाही हवा असतो.’

११ मे

रविवार. आईला फोन करून वाचून दाखवलं. मराठीत सांगितलं सगळं. गुरुजींचं आलं, तेही सगळं सांगितलं. मी घाबरले.

‘आई? ऐकतेयस ना?’

‘ऐकून राहिले. तू घरी येऊन बोलली नव्हती हे.’

‘नाही.’

‘हं.’ तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, ‘बाया हुशार दिसतात. पण नुसतं आई आई काय लावलंय? चंदाबाई लिहा म्हणावं. चंदाबाई कडूबा. मला नाव नाही का?’

आणि मी एस्नार्टचं नाव पुसलं होतं. शैली म्हणून!

‘आणि बटाटे काय खाती रोज? भाकरी करत जा.’

१३ मे

भीती काय आहे ते स्पष्ट लिही, शीले. प्रदर्शनाला विहारातले सगळे येणार. सुप्रभाताई येणार. रीडिंगहून नीनाच्या आईच्या मैत्रिणी येणार, आडनाव विचारून झाल्यावर अर्धा सेकंद हसणाऱ्या. आणि भिंतीवर मी. उभी.

पण या वेळी विचारलंय ना! तोच तर सगळा फरक आहे. हो म्हणता येतंय कारण नाही म्हणता येतंय.

ताकोंद्वाला कळवलं — हो. एक दुरुस्ती, आईचं नाव घाला.

२७ मे

एस्नार्टची नवी गोष्ट पूर्ण केली होती, आज ताकोंद्वाने शेडमध्ये वाचली. या वेळी सगळं ठेवलं. नाव, नणंद, नणंदेने पळवलेलं पातेलं, चर्चमध्ये मुद्दाम चढवलेला सूर, मधेच येणारी गिऱ्हाइकं. तळं आटलं ते वर्षही आहे, पण दोन ओळींत, कारण तिने दोनच ओळींत सांगितलं होतं. मी स्वतःचं काही घातलं नाही. फक्त कुठे श्वास घ्यायचा ते ठरवलं.

हसल्या सगळ्या. पण बरोबर जागी! नणंदही आली होती. ती उठून काहीतरी ओरडली, एस्नार्ट दुप्पट ओरडली, आणि गोष्ट पुढे सरकेना. वाचन अर्धवट सोडून तिकडे खरं भांडण! मी इकडे खुर्चीवर उड्या मारतेय. माझ्या वाक्यावरून भांडतायत!

शेवटी ताकोंद्वाने विचारलं, एस्नार्ट, हो?

एस्नार्टने पदरासारखं ते चितेंजे — कमरेला गुंडाळतात ते कापड — झटकलं. ‘विचार करते.’

२ जून

‘विचार करतेय.’

५ जून

नीनाने खोलीत बोलावलं. दार लावलं. म्हणजे काहीतरी आहे.

‘बघ, प्रदर्शनाचा पॅनल छापायला द्यावा लागेल. फंडरला हाच गोष्ट बघायचा आहे. एस्नार्टने इंटरव्ह्यूच्या वेळी हो म्हटलेला आहे ना? टेक्निकली आपण ओके आहोत.’

‘तो होकार बोलायचा होता. गोष्टीचा नव्हता.’

‘शीला. तुझं नाव आहे यावर. तुला नकोय का?’

हवंय! हवंय, हवंय, हवंय. माझ्यातलं काहीतरी लगेच तिच्या बाजूने जाऊन बसलं. दोन्ही पॅनल छापून ठेवू, मी म्हटलं. एस्नार्टचं मोठं, माझं छोटं शेजारी. लावूही. पण ती हो म्हणेपर्यंत हॉलचं दार उघडायचं नाही. मी हो म्हटलंय, ती पण म्हणेल. तिने माझं घेतलंय, आता तिचं देईल. असंच असतं ना?

नीना म्हणाली, ‘एक्झॅक्टली. फेअर इज फेअर.’

९ जून

सोमवारची मीटिंग. नीनाने विषय काढला. झोंबाच्या प्रोफेसर बाई चष्मा पुसत होत्या. त्यांच्या पत्र्यावर वारा वाजत होता. म्हणाल्या, ‘धम्मशीलाने हो म्हटलं हे फार चांगलं झालं. त्याचा एस्नार्टशी काही संबंध नाही.’

आक्रावाले माना डोलवत होते. आमचा मोठा प्रोफेसर नीनाकडे बघून म्हणाला, ‘मग थांबू.’

लाखो पौंडांचं काम. तीन देश. आणि सगळे एका मासळीवाल्या बाईसाठी थांबलेत! मला रडू आलं. कॅमेरा बंद केला.

१८ जून

पॅनल लागली. एस्नार्टचं माझ्या उंचीएवढं. खाली माझं नाव. हात लावून पाहिला. अजून निरोप नाही. उद्या पाहुणे.

१९ जून

सकाळी ताकोंद्वाचा आवाज, रेकॉर्ड केलेला. मागे एस्नार्ट गातेय. ‘ती म्हणतेय, फार छान झालीय. म्हणूनच देत नाही. बाजारात मी स्वतः सांगणार.’

मी परत ऐकलं. मग स्टोअरमधून शिडी आणली आणि मोठं पॅनल उतरवलं.

आता अख्ख्या हॉलमध्ये आफ्रिकेचे नकाशे, आफ्रिकेचे आलेख, आणि गरिबीची एकच गोष्ट — क्रॉयडनच्या मुलीची. खाली लेखिका म्हणून शेडमधल्या सगळ्या बायकांची नावं, पहिलं एस्नार्टचं. माझं नाव कुठेच नाही, मी फक्त गोष्टीच्या आत.

‘शीला, हे काय केला तू?’ नीना दारातून. तिच्या मागे पाहुणे, पाहुण्यांमध्ये सुप्रभाताई, नव्या साडीत.

मी म्हटलं, ‘ज्यांनी हो म्हटलं त्यांची लावलीय. काही विचारायचं असेल तर लेखिकांना विचारा, झोंबाला फोन लावून.’ आणि कोट उचलून बाजूच्या दाराने निघाले.